नऊ डब्या आणि न केलेली एक बेरीज

इथे ज्यांना नाना म्हटलं आहे त्यांनी हे लिहायला परवानगी दिली. एवढंच नाही, तर मसुदा वाचून दोन ठिकाणी माझे आकडेही दुरुस्त केले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर. या प्रकरणात माझ्याही चुका आहेत, त्या जिथल्या तिथे येतील.

## पार्श्वभूमी

नाना ७१ वर्षांचे, पुण्यात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यावर मेटफॉर्मिन. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी. शाकाहारी, निर्व्यसनी, सकाळी टेकडीवर जाणारे, सोसायटीचे खजिनदार. वडील ६२ व्या वर्षी हृदयविकारानं गेले. थोरल्या भावाला गेली चार वर्षं स्मृतिभ्रंश आहे. "आमच्या घरात ऐंशीपर्यंत धड कुणी पोचलेलं नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. पुढचं सगळं त्या वाक्यातून निघालं.

मुलगा न्यू जर्सीत, सॉफ्टवेअरमध्ये. वार्धक्य लांबवण्याबद्दल तो बरंच ऐकतो-वाचतो आणि स्वतःही तीन-चार गोष्टी घेतो. दिवाळीला आला की बाबांसाठी बाटल्या आणतो, मध्ये कुणी इकडे येणारं असलं की त्यांच्याबरोबर पाठवतो. यात वाईट हेतू शोधू नये. इतक्या लांबून बापासाठी दुसरं काय करता येतं?

माझा भाग असा. आदल्या नोव्हेंबरात नानांचे गुडघे दुखत होते. मी ड जीवनसत्त्व तपासलं, १४ आलं. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे, अशी चिठ्ठी दिली. जानेवारीत पुन्हा तपासलं तर ३१. मी "छान" म्हणालो आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. आता पुडी बंद करायची, हे मी बोललो नाही. चिठ्ठीवर '× ८' असं लिहिलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं.

नानांनी मात्र त्या ३१ चा वेगळा अर्थ लावला. रिपोर्टवर ३० च्या वर 'पुरेसे' असं छापलेलं होतं. म्हणजे पस्तीस टक्क्यांनी पास झाल्यासारखंच. आयुष्यभर पहिल्या वर्गात आलेल्या माणसाला ते कसं पटावं? फेब्रुवारीपासून त्यांनी पुडी एक दिवसाआड सुरू केली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळत होती.

## तक्रारी

जुलैत नाना बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आले. मी इसबगोल दिलं. ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, बरोबर आल्या. म्हणाल्या, "रात्री चार-पाचदा उठतात हो, आणि तांबेच्या तांबे पाणी पितात." मी शुगर तपासली, थोडी जास्त होती. प्रोस्टेटचं वय आहेच. दोन्हीला धरून औषध थोडं बदललं. तहान, लघवी, बद्धकोष्ठ आणि मंदावलेली भूक या चार गोष्टी एका ओळीत लिहिल्या असत्या तर वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यानंही कॅल्शियम तपासा म्हटलं असतं. मी त्या दोन भेटींत दोन-दोन करून ऐकल्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकू एकट्याच आल्या. सोसायटीच्या हिशेबात नानांची बेरीज चुकली होती, एकदा नव्हे, तीनदा. त्यांनी मग वही मिटून ठेवली आणि कुणाशी बोलेनात. भावाचंही असंच सुरू झालं होतं. काकू रडल्या नाहीत, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होत्या.

नंतर कळलं की विसरायला होतंय हे नानांना स्वतःला जुलैपासून जाणवत होतं. त्यावर त्यांनी उपाय केला होता: डब्या वाढवल्या होत्या.

## पिशवी

मी घरी गेलो. नानांचे ओठ कोरडे, बोलणं संथ, तारीख सांगताना अडखळले. काकूंनी कपाटातून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर एकेक डबी मांडली. नऊ निघाल्या.

ड जीवनसत्त्वाची पुडी. ड जीवनसत्त्वाचीच अमेरिकेहून आलेली कॅप्सूल. कॅल्शियमच्या गोळ्या, त्यातही ड. केसांसाठी बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. एनएमएन नावाची पांढरी पावडर. द्राक्षांत असतं ते रेस्व्हेराट्रॉल. काळी मिरी घातलेलं कर्क्युमिन. अश्वगंधा. आणि माशाचं तेल. शाकाहारी घरात ही शेवटची डबी कशी, असं मी नानांना हळूच विचारलं. "कॅप्सूल हे औषध, डॉक्टर," ते म्हणाले. त्या अवस्थेतही हे उत्तर तयार होतं.

नाना प्रत्येक डबीचा खर्च वहीत लिहीत. महिन्याला नऊ हजारांच्या पुढे जात होता. कधी सुरू केलं तेही लिहिलेलं होतं. पण नऊ डब्यांमधून एकच पदार्थ एकूण किती पोटात जातो, हा रकाना वहीत नव्हता.

तो मी तिथेच टेबलावर मांडला. एक दिवसाआड ६०,००० म्हणजे रोजचे ३०,०००. अमेरिकेतल्या कॅप्सूलवर '२५० मायक्रोग्रॅम' असं लिहिलेलं. साठ हजारांपुढे अडीचशे किरकोळच वाटणार. पण ड जीवनसत्त्वाच्या एका मायक्रोग्रॅमचे ४० युनिट होतात, म्हणजे ते १०,००० झाले. कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतून १,०००. एकूण रोजचे ४१,००० युनिट, सात महिने. प्रौढ माणसासाठी दिवसाची सुरक्षित वरची मर्यादा ४,००० धरतात.

बँकेतल्या माणसाकडून एकक न बदलता बेरीज झाली, हे त्यांना नंतर फार लागलं. अमेरिकेच्या लेबलावर मायक्रोग्रॅम आणि आपल्या पुडीवर युनिट असताना भलेभले चुकतील, असं मी म्हणालो. त्यांना ते पटलेलं नाही.

## रिपोर्ट आणि त्यातला फसवा भाग

कॅल्शियम १३.१ आलं (साधारण ८.५ ते १०.५ असावं). मूत्रपिंड बिघडलं की वाढणारं क्रिएटिनिन वर्षापूर्वी १.१ होतं, ते १.९. एसजीपीटी ८८, म्हणजे यकृतही थोडं कुरकुरत होतं. ड जीवनसत्त्व '१५० पेक्षा जास्त'. रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड संप्रेरक खाली दबलेलं. इथवर चित्र एकाच दिशेचं होतं.

पण त्याच कागदावर टीएसएच अगदी कमी आणि टी-४ वाढलेलं होतं, जणू थायरॉइड उसळलं आहे. ब-१२ मात्र ४१०, व्यवस्थित. मेटफॉर्मिननं ब-१२ घटतं आणि शाकाहारात ते मुळात कमी. बारा वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं, ब-१२ ची एकही गोळी न घेता, ४१०? आणि हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशींचा आकार वाढलेला, जो ब-१२ कमी असल्यावर वाढतो. थायरॉइडसाठी माझा पहिला संशय अश्वगंधेवर होता, कारण तिनं थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याच्या नोंदी आहेत. पण ब-१२ चं कोडं तिनं सुटत नव्हतं.

उत्तर केसांच्या डबीत होतं. रक्तातली संप्रेरकं मोजणारी बरीचशी यंत्रं बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन या जोडीच्या घट्ट पकडीवर चालतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते त्या जागा अडवून बसतं. मग एका प्रकारच्या चाचणीत उत्तर खोटं कमी येतं, दुसऱ्या प्रकारात खोटं जास्त. टीएसएच आणि पॅराथायरॉइड संप्रेरक पहिल्या प्रकारात मोडतात. टी-४, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व दुसऱ्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मला तो माहीत होता, पण प्रत्यक्ष पेशंटमध्ये हे पहिल्यांदाच समोर आलं.

म्हणजे 'ड जास्त, पॅराथायरॉइड कमी' हे ज्या दोन आकड्यांवर माझं निदान उभं होतं, नेमके तेच दोन आकडे बायोटिननं तसे दाखवले असण्याची शक्यता होती. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन रासायनिक पद्धतीनं मोजतात, त्यांना बायोटिनची बाधा होत नाही. निदानाच्या आकड्यांपैकी तेवढे दोनच निर्विवाद खरे होते.

## पर्यायांचा विचार

पहिला प्रश्न दाखल करायचं की नाही. नानांना घरीच राहायचं होतं. पण कॅल्शियम १३ च्या वर, मूत्रपिंड बिघडतंय आणि माणूस गोंधळलेला, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असताना घरी पाणी पाजत बसणं मला धोक्याचं वाटलं. इथे फार विचार केला नाही.

दुसरा प्रश्न खरा अवघड होता. म्हाताऱ्या माणसाचं कॅल्शियम वाढलं की मनात पहिल्यांदा पॅराथायरॉइडची गाठ आणि कर्करोग येतात, विशेषतः हाडांच्या मज्जेतला मायलोमा. आपल्याकडे क्षयही यादीत ठेवावा लागतो. पिशवीत कारण सापडलं म्हणून बाकीचं सोडून द्यायचं का? की सगळ्या तपासण्या करून घरच्यांना 'कॅन्सर तर नाही ना' या टांगणीवर ठेवायचं? किडनीच्या डॉक्टरांशी बोललो. मधला मार्ग ठरला: छातीचा एक्स-रे आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणी लगेच, सीटी वगैरे आठवडाभर थांबून. बायोटिन मूत्रपिंडातून बाहेर जातं. ते नीट चालत नसेल तर नेहमीचे दोन-तीन दिवस पुरत नाहीत, म्हणून संप्रेरकांच्या चाचण्या सात दिवसांनी पुन्हा करायच्या. वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर नमुना पाठवण्याचाही पर्याय होता. पण डबी बंदच केलेली होती आणि कॅल्शियमवरचे उपचार त्या उत्तरासाठी थांबणार नव्हते.

तिसरा, कॅल्शियम उतरवायचं कसं. सलाईन तर लागणारच. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीतून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाही, म्हणून रक्तदाबाची ती गोळी बदलायला हवी होती. ती मीच दिलेली, म्हणजे पाचर मारण्यात माझाही हात होता. मूत्रपिंड सुधारेपर्यंत मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनही थांबवायचं ठरलं. त्यापुढे दोन वाटा होत्या: हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा स्टेरॉइड. इंजेक्शन बिघडलेल्या मूत्रपिंडाला सोसेलच असं नाही. ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेत स्टेरॉइड चांगलं चालतं, पण मधुमेही माणसाची शुगर भडकते. शुगर इन्सुलिननं सांभाळता येते, गेलेलं मूत्रपिंड परत आणता येत नाही, असं म्हणून स्टेरॉइड निवडलं.

## काय केलं

त्याच संध्याकाळी दाखल. नऊच्या नऊ डब्या बंद. नानांचा आग्रह होता की 'निदान एनएमएन तरी' चालू ठेवावं, कारण ते महाग होतं. चार दिवसांच्या सलाईननं कॅल्शियम ११.८ वर आलं आणि तिथेच अडलं. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दहा दिवस. शुगर २८० पर्यंत गेली, इन्सुलिन सुरू करावं लागलं.

एक्स-रे स्वच्छ होता, प्रथिनांच्या तपासणीत मायलोमाची खूण नव्हती. सातव्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. टीएसएच २.४, टी-४ नेहमीसारखं, म्हणजे थायरॉइडचा आजार कधी नव्हताच. पॅराथायरॉइड संप्रेरक अजूनही दबलेलं आणि ड जीवनसत्त्व नमुना पातळ करून मोजलं तर २१२, म्हणजे विषबाधा मात्र खरी. ब-१२ निघालं १४०.

या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. नऊ डब्या, महिन्याला नऊ हजार, आणि या माणसाला ज्या एका गोष्टीची खरोखर कमतरता होती ती त्यांत नव्हती. शिवाय ती कमतरता उघड होऊ न देणारी डबी मात्र होती. मेटफॉर्मिनवरच्या शाकाहारी रुग्णाचं ब-१२ दरवर्षी पाहणं माझं काम होतं. माझ्या वहीत शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची होती.

बेरजा चुकण्यामागे कॅल्शियम किती आणि ब-१२ किती, हे वेगळं काढता येत नाही. दोन्हींनी ते होतं आणि दोन्हींवर उपचार झाले.

## मुलाशी बोलणं

मुलगा आठवड्याभरात येऊन पोचला. पहिल्या दिवशी अपराधी, तिसऱ्या दिवशी वकील. दोन्ही मला समजण्यासारखं होतं. नाना घरी आल्यावर आम्ही तिघं बसलो. मुलाचा मुद्दा असा होता: ड जीवनसत्त्वाचं प्रमाण चुकलं हे मान्य, पण बाकीच्या डब्यांचा यात काय दोष? त्या का थांबवायच्या?

एकेक डबी घेतली. रेस्व्हेराट्रॉलची कथा २००३ मध्ये सुरू झाली, त्यानं यीस्टचं आयुष्य वाढल्याचं दिसलं तेव्हा. २००६ मध्ये तुपकट आहारावर ठेवलेले उंदीर त्यावर जास्त जगले. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं या विषयावरची सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली आणि २०१३ मध्ये तिचं कामकाज गुंडाळून आपल्यात सामावलं. इटलीच्या किआंती भागात, जिथे द्राक्षं आणि वाइन रोजचीच, ७८३ ज्येष्ठांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचा अंश मोजून नऊ वर्षं पाठपुरावा केला गेला. ते जास्त असणारे जास्त जगले नाहीत.

मग उंदरांची गोष्ट निघाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा एक कार्यक्रम आहे, त्यात एकच पदार्थ तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ असलेल्या उंदरांना देऊन पाहतात. एका ठिकाणचं यश बाकी दोन ठिकाणी टिकतं का, हे त्यातून कळतं. नानांच्या डब्यांपैकी रेस्व्हेराट्रॉल, कर्क्युमिन आणि माशाचं तेल या तिन्हींची तिथे परीक्षा झाली आहे. एनएमएनचं जवळचं भावंड, निकोटिनामाइड रायबोसाइड, त्याचीही. चारांपैकी एकानंही उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. एनएमएननं माणसाच्या रक्तातलं एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं एक द्रव्य, वाढतं हे खरं आहे. त्यानं माणूस जास्त जगतो हे दाखवणारी एकही चाचणी नाही.

कर्क्युमिनवर नाना थोडे दुखावले. "हळद तर आपली." हळद आपलीच, आणि मिरीनं तिचं शोषण वाढतं हेही १९९८ मध्ये आपल्याच बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं: माणसात वीस पट. पण आमटीत चिमूटभर हळद पडते तेव्हा शरीर तिच्यातलं फारसं आत घेत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती इतकी निरुपद्रवी आहे. वीस पट शोषली जाणारी हळद ही स्वयंपाकघरातली हळद राहत नाही. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. नानांचं ८८ कर्क्युमिनमुळे होतं की अश्वगंधेमुळे, सांगता येणार नाही. दोन्ही बंद केल्यावर सहा आठवड्यांत ३४ झालं.

मुलानं टॉरिन या अमिनो आम्लाचं विचारलं, कारण त्याच्या यादीत पुढचा नंबर त्याचा होता. २०२३ मध्ये विजय यादव यांच्या गटानं, ज्यात दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेचाही वाटा होता, टॉरिननं उंदरांचं आयुष्य १० ते १२ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. काम चांगलं होतं. पण त्याचा एक पाया असा की वयाबरोबर रक्तातलं टॉरिन घटतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी माणसं, माकडं आणि उंदीर तिन्ही तपासले, तर ते सरसकट घटत नाही असं दिसलं.

"आणि ड?" नानांनी स्वतः विचारलं. ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या २१,३१५ लोकांवर पाच वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना महिन्यातून एकदा ६०,००० युनिट, निम्म्यांना नुसती दिसायला तशी कॅप्सूल. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. "महिन्याला एकदा?" नाना म्हणाले. "मी तेवढं दोन दिवसांत घेत होतो." दुसरी बाजूही सांगितली. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेची, २०२४ ची मार्गदर्शिका ७५ च्या पुढच्यांना मृत्यूचा धोका कमी व्हावा म्हणून ड सुचवते. पण रोज, थोड्या मात्रेत. मोठे डोस अधूनमधून नकोत, असंही तीच सांगते.

यावर मुलगा जे बोलला ते मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. "डॉक्टरकाका, माणसं जास्त जगतात का हे बघायला तीस वर्षांची चाचणी लागेल. बाबांकडे तीस वर्षं नाहीत. मग नुकसान नसेल तर घेऊन पाहायला काय हरकत आहे?"

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यात 'नुकसान नसेल तर' हे शब्द फार वजन उचलतात. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची चाचणी झाली तेव्हा त्यात नुकसान असेल असं कुणाला वाटलं नव्हतं; गाजरातलाच तर पदार्थ. १९९४ मध्ये निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक म्हणून विकायच्या पदार्थाचा गुण आधी सिद्ध करावा लागत नाही. आपल्याकडच्या डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं, तेही कुणी वाचत नाही. नुकसान आहे की नाही हे मोजलंच नसेल तर ते शून्य धरायचं का, असं मी विचारलं. मुलगा गप्प झाला, पण मला वाटतं ते बापाच्या हातावरची सलाईनची निळी खूण पाहून, माझ्या युक्तिवादामुळे नाही.

## निष्पत्ती

कॅल्शियम सहा आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर आलं. ड चरबीत साठतं, त्यामुळे ते सावकाश उतरलं. पाच महिन्यांनी ८४ होतं. क्रिएटिनिन १.३ वर थांबलं आहे, १.१ ला परत गेलं नाही आणि बहुधा जाणार नाही. ब-१२ ची इंजेक्शनं झाली, आता गोळी रोज. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू आहे. त्या औषधावरच वार्धक्य लांबवण्यासाठी अभ्यास करायचा बेत अमेरिकेत आहे हे वाचून नाना खूष होते. त्यांचं ब-१२ खाली नेण्यात त्याच औषधाचा हात होता, हे मी आठवण करून दिलं.

मार्चमध्ये सोसायटीचा ताळेबंद त्यांनी स्वतः केला. जुळला.

## वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूनं तीन गोष्टी. नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर पुडी बंद करण्याची तारीख लिहायला हवी होती. '× ८' ही डॉक्टर आणि मेडिकलवाल्याची भाषा, घरच्यांची नाही. आता मी तारीख मराठीत लिहितो आणि खाली रेघ ओढतो. दुसरं, जुलैत 'काही औषधं घेता का?' असं विचारलं होतं आणि नानांनी खरं तेच उत्तर दिलं होतं: तुमचीच. त्यांच्या लेखी बाकीच्या डब्या औषधं नव्हत्याच. माशाचं तेल तेवढं औषध, तेही सोयीपुरतं. आता मी 'कपाटातली पिशवी घेऊन या' असं सांगतो. तिसरं, ऑगस्टमध्ये अडीचशे-तीनशे रुपयांची एक कॅल्शियमची तपासणी. दाखल होणं टळलं असतं आणि कदाचित क्रिएटिनिनही १.१ वरच राहिलं असतं.

नऊ डब्या एकदम बंद करणं योग्य होतं का, यावर किडनीच्या डॉक्टरांचं आणि माझं थोडं वेगळं मत आहे. त्यांना तेच बरोबर वाटतं. मला वाटतं, दाखल असताना ठीक होतं, पण घरी आल्यावर मी तसंच 'सगळं बंद' म्हणत राहिलो असतो तर नानांनी माझ्या नकळत पुन्हा सुरू केलं असतं. ऐंशीच्या पलीकडे जायची त्यांची इच्छा काही कॅल्शियमबरोबर उतरली नव्हती. म्हणून एक डबी वाटाघाटीत सोडली.

ती माशाच्या तेलाची. स्वित्झर्लंडमध्ये सत्तरीच्या पुढच्या ७७७ जणांवरच्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ तीन वर्षं घेतल्यावर, रक्तावरून वय मोजणारी काही 'घड्याळं' तीनेक महिन्यांनी मागे पडलेली दिसली. हे २०२५ मध्ये छापून आलं आणि मुलानं ते नानांना पाठवलं. नानांनी गणित केलं. "छत्तीस महिन्यांवर तीन. व्याज वाईट नाही, डॉक्टर." मी म्हटलं, हे घड्याळावरचं व्याज, ठेवीत जमा झाल्याचं कुणी दाखवलेलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि कॅप्सूल चालू ठेवली.

माशाच्या तेलानं, विशेषतः जास्त मात्रेत, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून दर तीन महिन्यांनी मी त्यांची नाडी एक पूर्ण मिनिट पाहतो आणि ते घड्याळ लावून माझ्याबरोबर मोजतात. बाटलीवरचं लेबल त्यांनी काढून टाकलं आहे. काकूंना अजून वाटतं की ते जवसाचं तेल आहे.